मागचं दाखवणारी वायर

मी निवृत्त होईपर्यंत नक्की काय काम करत होते, हे आमच्या घरातही कोणाला नीट सांगता येत नव्हतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांची कामं एका वाक्यात उरकत. कोणी अर्थ मंत्रालयात, कोणी रेल्वेत, कोणी पाण्याच्या कुठल्याशा आयोगात. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, कोणी माझ्याबद्दल विचारलं की तो सांगायचा, "ती मानेसरला वायरी बघते." मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. आमचा कारखाना गाड्यांचे मागचे कॅमेरे बनवायचा आणि कॅमेऱ्यापासून ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनपर्यंतचा सगळा रस्ता माझ्या विभागाकडे होता. पण 'वायरी बघते' यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी कधी दुरुस्ती सुचवली नाही.

त्याचे परिणाम मी भोगले. कोपर्निकस मार्गावर मराठी कार्यक्रमाला गेलं की मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कोणीतरी हमखास गाठायचं. "ताई, आमच्या सोसायटीचा सीसीटीव्ही बंद पडलाय, जरा बघाल का?" एकदा मी खरंच दिल्लीतल्या द्वारकेला जाऊन बघितला. प्लग निघाला होता. तो लावला. त्या सोसायटीत माझं आजही नाव आहे.

तेव्हा आधी कामाबद्दल थोडं सांगते. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याला एकच बारीक वायर जाते. जुन्या टीव्हीच्या केबलसारखी गोल, मधे एक तार आणि भोवती तारांची जाळी. त्या एका वायरीतून पुढून मागे वीज जाते आणि मागून पुढे चित्र येतं, दोन्ही एकाच वेळी. हे कसं जमतं, असं लोक विचारत नाहीत. पण विचारलं असतं तर मी पाण्याच्या पाइपाचं उदाहरण दिलं असतं. इमारतीच्या पाइपातून पाणी शांतपणे वाहत असतं. त्याच पाइपावर खालच्या मजल्यावर कोणी चमच्याने टकटक केली तर ती वरच्या मजल्यावर ऐकू येते. पाणी म्हणजे वीज, टकटक म्हणजे चित्र. फक्त ही टकटक इतकी झपाट्याने चालते की तिच्यातून पूर्ण रंगीत चित्र उभं राहतं.

अडचण अशी की टकटक पाण्याच्या टाकीत शिरून विरून जाऊ शकते. म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना, जिथे विजेची वाट वेगळी होते, तिथे एक कॉइल बसवतात. एका काळ्या गाभ्यावर गुंडाळलेली तार, आकाराने हरभऱ्याच्या डाळीएवढी. संथ वीज तिच्यातून बिनबोभाट जाते. चपळ टकटक मात्र तिला बघून मागे वळते आणि आपल्या वाटेने स्क्रीनकडे जाते. ही कॉइल निवडणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं तर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या वस्तू निवडल्या, असं सांगावं लागेल.

दुसरा भाग होता उपद्रव. गाडीत नाना यंत्रं असतात आणि प्रत्येक यंत्र आपापली कुजबुज हवेत सोडत असतं. आपली कुजबुज बाहेर जाऊ द्यायची नाही आणि दुसऱ्याची आत येऊ द्यायची नाही, एवढाच नियम. सोसायटीच्या बैठकीत तो पाळला जात नाही, गाडीत पाळावाच लागतो.

नोएडाच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची तक्रार मला आठवते. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की त्यांच्या रेडिओत खरखर सुरू व्हायची. ते रोज सकाळी फिरून परत येताना जुनी गाणी ऐकत. गाणं अर्धवट तुटू नये म्हणून ते फाटकाबाहेर गाडी थांबवून गाणं संपू देत आणि मग रिव्हर्स घेऊन गाडी आत लावत. मागे गाड्यांची रांग लागायची. शेजारी त्यांना बोलायला घाबरत, म्हणून सगळे आमच्या कंपनीला लिहीत. आम्ही जाऊन बघितलं. वायरीची बाहेरची जाळी टोकाच्या जोडणीला चहूबाजूंनी घट्ट धरलेली असावी लागते. तिथे ती एका बाजूने सैल होती आणि त्या फटीतून आमची कुजबुज थेट रेडिओच्या एरियलमध्ये जात होती. जोडणी बदलली, खरखर गेली. पुढच्या महिन्यात कर्नलसाहेबांचा फोन आला. आता रिव्हर्स घेताना जाहिरातीही स्पष्ट ऐकू येतात, याबद्दल काही करता येईल का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आम्हाला दिल्लीहून मानेसरला नेणारी कंपनीची मिनीबस होती. ठेकेदाराची गाडी, ठेकेदाराचाच ड्रायव्हर. सतबीर त्याचं नाव, हरियाणातल्या झज्जरकडचा. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. रिव्हर्स घेताना तो गाणी बंद करायचा आणि कोणी मोबाइलवर जोरात बोलत असेल तर आरशातून बघायचा. बोलणारा गप्प व्हायचा. बसला मागचा कॅमेरा होता आणि तो आमच्याच कारखान्यातला होता. सतबीरला याचं कौतुक होतं असं म्हणवत नाही, पण त्याला ते माहीत होतं.

जूनमधली दुपार होती. गुरुग्रामच्या मुख्य ऑफिसात बैठक होती, म्हणून आम्ही काही जण मानेसरहून बसने निघालो. बस सकाळपासून उन्हात उभी होती. सीटवर बसताना लोक रुमाल टाकून बसले. गुरुग्रामला त्या इमारतीखाली पार्किंगचं तळघर आहे, मिनीबस जेमतेम मावेल एवढ्या उंचीचं. सतबीरने बस आत घेतली, उतारावरून खाली नेली आणि नेहमीच्या जागी लावण्यासाठी रिव्हर्स टाकला. मागे गार्ड उभा होता. रामाशीष, बिहारमधल्या छपऱ्याकडचा, पंचविशीचा मुलगा, निळ्या गणवेशात, हातात वॉकीटॉकी.

मी दुसऱ्या ओळीत बसून बैठकीचे कागद चाळत होते. मागून आवाज ऐकू आला, "आने दो, आने दो." बस मागे सरकत होती. मग एक धक्का बसला. इतका हलका की मला वाटलं चाक कठड्याला लागलं. त्यानंतरचा आवाज मात्र कठड्याचा नव्हता.

सतबीरने ब्रेक दाबला, बस थोडी पुढे घेतली, आणि आम्ही सगळे उभे राहिलो. तो खाली उतरायच्या आधी मागे वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, स्क्रीन चली गई थी."

आम्ही सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर चित्र होतं. रामाशीष जमिनीवर बसलेला, दोन्ही हातांनी नडगी धरलेली, वॉकीटॉकी बाजूला पडलेला. त्याच्या शर्टावरचा एजन्सीचा बिल्लासुद्धा वाचता येत होता. आमच्या कॅमेऱ्याचं चित्र इतकं स्वच्छ मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिलं होतं.

त्याच बसने आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. गुडघ्याखाली हाड मोडलं होतं. सतबीर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. दोनदा माझ्याकडे बघून तो तेच म्हणाला, "गई थी, मॅडम." दुसऱ्यांदा त्याने पुढे जोडलं, "आपका ही तो कैमरा है."

ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी सतबीरला कामावरून बाजूला केलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. पाच माणसांनी स्क्रीनवर चित्र पाहिलं होतं, एकाने नाही असं सांगितलं, आणि तो एक गाडी चालवत होता.

कॅमेरा, वायर आणि स्क्रीन काढून माझ्या विभागाकडे आली. तपासणीचं काम अन्सारीकडे होतं. अन्सारी मूळचा अलिगढचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि त्याला कुठल्याही गोष्टीची घाई नसे. त्याने कॅमेरा भट्टीत तापवला, थंड केला, हादरवला, पाण्याखाली धरला. चित्र जागचं हललं नाही. जोडणीची जाळी चहूबाजूंनी घट्ट होती. आमच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख मल्होत्रासाहेब अहवालाची वाट बघत होते. 'दोष आढळला नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्या वाक्यावर कारखाना चालतो.

"पाठक जी," ते मला म्हणाले, "ड्राइवर और क्या बोलेगा?"

हे बरोबर होतं. ड्रायव्हर आणखी काय म्हणणार? पण सतबीर त्याच बसने रोज आम्हाला नेत होता, आणि इतक्या काळात मी त्याला एकदाही सबब सांगताना ऐकलं नव्हतं. उशीर झाला तर तो 'उशीर झाला' म्हणायचा. ट्रॅफिकचं नावसुद्धा घ्यायचा नाही. दिल्लीत असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी त्याला फोन केला. तो गावी होता. मी विचारलं, हे आधी कधी झालं होतं का?

"हुआ था. दो-तीन बार. आँख झपकने जितना."

"कुठे?" मी हिंदीतच विचारत होते, पण इथे मराठीत लिहिते.

"नीचे. उस बेसमेंट में. ऊपर कभी नहीं."

"कोणाला सांगितलं होतं?"

"सुपरवाइज़र को. उसने बोला, कैमरे पे कपड़ा मार ले. मैंने मार लिया."

मी फोन ठेवला आणि विचार करू लागले, खाली असं काय आहे जे वर नाही. खाली थंड असतं, ते चांगलंच. खाली लोखंड-काँक्रीट असतं, त्याचा वायरीशी संबंध नाही. आणि खाली अंधार असतो. मी उठून अन्सारीकडे गेले.

या कॅमेऱ्याभोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे छोटे दिवे होते. अंधार झाला की ते आपोआप लागतात आणि कॅमेऱ्याला काळोखातही दिसतं. आमच्या प्रयोगशाळेत छताला भरपूर ट्यूबलाइट होत्या आणि भट्टीच्या दारालाही काच होती. म्हणजे आम्ही आठवडाभर ज्या कॅमेऱ्याची परीक्षा घेत होतो, त्याने ते दिवे एकदाही लावले नव्हते.

"भट्टीत गरम कर," मी अन्सारीला म्हटलं, "आणि भिंगावर काहीतरी झाक."

त्याने आपली डब्याची काळी पिशवी कॅमेऱ्यावर घातली. आमच्याकडे एक मोजमाप होतं, टकटक स्क्रीनपर्यंत किती जोरात पोचतेय ते सांगणारं. ते घसरलं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ तळाला गेलं. पिशवी काढली, वर आलं. घातली, खाली गेलं.

"दिवे जास्त वीज खातात," अन्सारी म्हणाला. "कॉइल बैठ रही है."

कॉइलचं असं असतं. तिच्यातून जाणारी वीज वाढत गेली की एका मर्यादेनंतर तिच्या काळ्या गाभ्याचं पोट भरतं. मग ती नुसती तार उरते. टकटक तिला जुमानत नाही आणि टाकीत शिरून विरते. गाभा तापलेला असेल तर पोट आणखी लवकर भरतं. विकणारे कॉइलच्या माहितीपत्रकावर विजेचे दोन आकडे देतात. एक, किती विजेला ती फार तापेल. दुसरा, किती विजेला ती काम सोडेल. पहिला आकडा बहुधा मोठा असतो आणि वर छापलेला असतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची, की खालचा आकडा वाचा.

ही कॉइल निवडताना मात्र खालचा आकडाही वाचलेला होता. ज्या कॅमेऱ्यासाठी ती निवडली गेली त्याला दिवेच नव्हते. नंतर बस बनवणाऱ्या कंपनीने दिवे मागितले, दुसऱ्या विभागाने ते नीट बसवले, तिसऱ्याने त्यांचा उजेड तपासला. कॉइलकडे परत जायचं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. यामुळेच मला पुढे फार त्रास झाला.

पण एक गोष्ट बसत नव्हती. टकटक क्षीण झाली तरी चित्र जात नव्हतं. ही नव्या पद्धतीची चित्रं आहेत. जुन्या टीव्हीसारख्या त्यांना मुंग्या येत नाहीत. शेवटच्या टोकापर्यंत चित्र लखलखीत दिसतं आणि मग एकदम काळं होतं. आमचं चित्र कड्याच्या टोकावर उभं होतं. त्याला ढकलणारं कोणीतरी हवं होतं.

त्या शनिवारी मी रामाशीषला भेटायला दवाखान्यात गेले. मला त्याला काही विचारायचं होतं असं नाही. मी त्या बसमध्ये होते, म्हणून गेले. सुधीर बरोबर आला, सफरचंदं घेऊन. रामाशीषचा पाय उंच बांधलेला होता आणि तो रागावलेला होता.

"अंधा है वो ड्राइवर," तो म्हणाला.

सुधीरने त्याला विचारलं, "अरे बेटा, आने दो तो तुमने ही बोला था ना?"

"उसको थोड़े ही बोला, अंकल. मैं तो गेट वाले को बोल रहा था. ऊपर एक गाड़ी खड़ी थी, बोला कि आने दो. वॉकी पे."

सुधीर सफरचंद कापत राहिला. मला मात्र आता उलगडा झाला. सतबीरने ते 'आने दो' आपल्यासाठी आहे असं समजून बस मागे घेतली होती. आणि ते शब्द बोलण्यासाठी रामाशीषने बसच्या अगदी मागे, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून वॉकीटॉकीचं बटण दाबलं होतं. बटण दाबलेलं असेपर्यंत वॉकीटॉकी हवेत ओरडत असतो. कुजबुज नव्हे, ओरडणं.

सोमवारी अन्सारीने आमच्याच फाटकावरच्या गार्डकडून वॉकीटॉकी मागून आणला. कॅमेरा तापवला, पिशवी घातली, बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. बटण सोडलं, चित्र आलं.

"एक बार और," मी म्हटलं.

पुन्हा तेच झालं. मग आम्ही चहा प्यायला गेलो. अन्सारीने कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, "सतबीर भाई सच बोल रहा था."

मल्होत्रासाहेबांनी अहवाल शांतपणे वाचला. ते वाईट माणूस नव्हते. बाजारात त्याच बनावटीच्या किती बसेस आहेत हे त्यांना ठाऊक होतं आणि ते सगळे कॅमेरे परत मागवायचे म्हणजे काय, हेही. थोड्या विचारानंतर त्यांना मार्ग सापडला.

"म्हणजे कारण बाहेरचं आहे," ते म्हणाले. "गार्डने रेडिओ गाडीला चिकटून वापरला. आपण एक स्टिकर देऊ. 'वाहनाजवळ वॉकीटॉकी वापरू नये.' ड्रायव्हर सुटेल, तुमचं समाधान होईल."

"आणि गार्ड?"

"गार्डचं काय?"

"त्याच्यावर येईल, सर. पाय त्याचा मोडलाय."

"पाठक जी, मी कोणावर काही आणत नाहीये. तांत्रिक कारण लिहितोय."

मी त्यांना सांगितलं की गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस या शहरात बहुतेक गार्डच असतो आणि गार्डच्या हातात वॉकीटॉकी असतोच. जो माणूस दिसावा म्हणून कॅमेरा लावलाय, त्याच्या बोलण्याने तो आंधळा होत असेल, तर त्या माणसाला गप्प बसवणं हा उपाय नाही. वायरीने हे सहन करायला हवं. सहन करावं म्हणून तर माझा विभाग आहे. एवढं लांब मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बघू."

'बघू'चा अर्थ नोकरी केलेल्या सगळ्यांना कळतो. मी म्हटलं, "सर, एकदा तुम्ही स्वतः बघाल का? बस तीच आहे, जागा तीच आहे."

ते तयार झाले. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून असेल. मूळ कॅमेरा, वायर आणि स्क्रीन आम्ही परत बसला बसवून घेतली. उन्हात उभी करून बस चांगली तापवली आणि गुरुग्रामच्या त्या तळघरात नेली. अन्सारी ड्रायव्हरच्या सीटवर बसला. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे विटा. फक्त कॅमेऱ्याची वीज चालू. मी स्क्रीनसमोर उभी राहिले. मल्होत्रासाहेब मागे जाऊन उभे राहिले, टाय लावलेले, हातात वॉकीटॉकी. दुसरा माझ्याकडे होता.

स्क्रीनवर ते छान दिसत होते. टायवरची नक्षीसुद्धा.

त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. स्क्रीन काळी झाली. माझ्या हातातल्या यंत्रातून त्यांचा आवाज आला, "पाठक जी, मैं दिख रहा हूँ?"

आवाज थांबला. क्षणभराने चित्र आलं, उत्तराची वाट बघत उभे असलेले मल्होत्रासाहेब.

"आता दिसताय, सर," मी कळवलं. "बोलत होता तेव्हा नव्हता."

त्यांनी पुन्हा यंत्र तोंडाशी नेलं आणि नाहीसे झाले. "अब?"

"नाही."

चित्र आलं. ते एक पाऊल बाजूला सरकले. नाहीसे झाले. "अब दिख रहा हूँ?"

"नाही, सर."

असं बऱ्याचदा झालं. ते प्रत्येक वेळी जागा बदलत आणि विचारत, आणि विचारलं की नाहीसे होत. अन्सारी समोर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते त्याला कसं जमलं हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी मल्होत्रासाहेब नुसते उभे राहिले, काही न बोलता, बसच्या मागच्या काचेकडे बघत. मग चालत पुढे आले, पायरीवर थांबले आणि म्हणाले, "स्टिकर रहने दो."

त्यांनी अहवालावर सही केली. पुढचे काही महिने त्यांनी ज्या शिव्या खाल्ल्या त्या त्यांनी आमच्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत, हे नमूद करायला हवं. कॅमेरे परत आले. आम्ही मोठ्या गाभ्याची कॉइल घेतली, दिवे, ऊन आणि वर आणखी थोडं, एवढं सगळं पचवून शिल्लक राहील अशी. तिच्या जोडीला एक लहान कॉइल, अतिचपळ टकटक अडवायला. विजेच्या वाटेवर एक काळा मणी, बाहेरची कुजबुज शोषायला. सर्किट बोर्डावर जागा होईना, म्हणून कॅमेऱ्याचं घरच किंचित वाढवावं लागलं आणि त्यावर चार बैठका झाल्या. नवा कॅमेरा आला तेव्हा अन्सारीने तो तापवला, पिशवीत घातला आणि वॉकीटॉकी त्याला टेकवून बटण दाबून धरलं. चित्र हललं नाही.

रामाशीषला सांगायला मी पुन्हा गेले. तो तोवर घरी आला होता. घर म्हणजे इतर तीन गार्डांबरोबर भाड्याने घेतलेली एक खोली. मी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो ग़लती मेरी निकली?"

"नाही."

"ड्राइवर की?"

"त्याचीही नाही."

"फिर?"

मी त्याला कॉइलबद्दल सांगितलं. पाणी, पाइप, टकटक. त्याला समजलं. पण त्याला हवं होतं ते उत्तर ते नव्हतं, हे मला दिसत होतं. मोडलेल्या पायाला एखादं नाव लागतं, आणि मी त्याला एका काळ्या गाभ्याची हकीकत सांगत होते. उपचाराचा सगळा भार नंतर आमच्या कंपनीने उचलला, तेही मल्होत्रासाहेबांनीच करून घेतलं. पाय जुळला, थोडा आखूड राहिला. एजन्सीने त्याला फाटकावर खुर्ची दिली. उभं राहण्याच्या ड्यूटीला भत्ता जास्त मिळायचा. तो त्याला परत मिळाला नाही. त्याबाबत मी एजन्सीशी बोलले, दोनदा. त्यांचं म्हणणं, गार्डला पळता आलं पाहिजे. मला याचं वाईट वाटतं. अहवालात लिहिता येईल असं ते काही नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

ठेकेदाराने सतबीरला परत बोलावलं. तो लगेच आला नाही. दिवाळीनंतर आला. पहिल्या दिवशी सकाळी मी बसमध्ये चढले तेव्हा त्याने नमस्ते म्हटलं आणि गिअर टाकला. मला वाटलं होतं तो काही बोलेल. मीच म्हटलं, "सतबीर जी, कॅमेरा बदललाय. आता खाली अंधारातही चित्र जाणार नाही."

"अच्छा," तो म्हणाला.

त्या दिवशी आधी मुख्य ऑफिसात काम होतं, म्हणून गुरुग्रामच्या तळघरात पोचलो. त्याने गाणी बंद केली, रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर मागची भिंत, पिवळे पट्टे, नवा गार्ड, सगळं स्वच्छ उमटलं. मग सतबीरने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरला आणि चालत बसच्या मागे गेला. स्क्रीनवर तो आम्हाला दिसला. डावीकडे वाकून बघताना, उजवीकडे वाकून बघताना, गार्डला हाताने बाजूला व्हायला सांगताना. मग तो परत आला, बसला आणि बस मागे घेतली.

"स्क्रीन दिख रही है ना?" मी विचारलं.

"दिख रही है, मॅडम. बढ़िया है."

दुसऱ्या दिवशी तो उतरला. तिसऱ्या दिवशीही. मी निवृत्त होईपर्यंत त्या बसमध्ये होते आणि त्या सगळ्या काळात तो रिव्हर्स घेण्याआधी प्रत्येक वेळी उतरला. पावसात, थंडीच्या धुक्यात, बैठकीला उशीर होत असताना. मागचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीची आम्ही माणसं आपापल्या जागी बसून तो परत यायची वाट बघायचो. घाई कर, असं त्याला कोणी कधी म्हटलं नाही.